उमेदवारी: हाली रुपयापासून पिग्मीच्या मशीनपर्यंत

आज इअरफोन लावून नांदेड-लातूर एसटीत बसलेल्यांना नमस्कार, कारण आजची गोष्ट याच दोन गावांमधली आहे.

एक शब्द घेऊ. उमेदवार. ऐकलं की डोळ्यांसमोर बॅनर येतो, हात जोडलेला माणूस येतो. पण या शब्दाचा जुना अर्थ निवडणुकीचा नाहीच. फारसीतली 'उमेद' म्हणजे आशा. कचेरीत पगाराशिवाय येऊन बसायचं, कागद उतरवायचे, साहेबांची मर्जी सांभाळायची आणि जागा कधी रिकामी होते याची वाट बघायची, असा जो पोरगा, तो उमेदवार. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशातही हा आशेवर बसलेला माणूस सापडतो. 'उमेदवारीचे दिवस' असं आपण अजूनही म्हणतो ना, ते तिथूनच आलं.

माझे आजोबा लातूरला असे उमेदवार होते. कचेरीत नाही, गंजगोलाईजवळच्या एका आडतीवर. सातवीनंतर शाळा सुटली, साल 1944 च्या आसपास. वडिलांनी हात धरून दुकानात नेलं आणि दिवाणजींच्या समोर बसवलं. पगार नाही. दुपारचं जेवण आणि दिवाळीला कपडे. पहिले सहा महिने काम काय, तर गादी झटकायची, शाई कालवायची, पाणी द्यायचं. मग मोडी. मग रोजकीर्द, म्हणजे दिवसभराची जमा आणि नावे. त्यावरून खतावणी, म्हणजे माणसागणिक खातं. रात्री शिल्लक जुळली नाही तर घरी जायचं नाही. आजोबा सांगायचे, एकदा दोन पैशांसाठी दिवाणजींनी रात्री बारापर्यंत बसवलं होतं. चूक दिवाणजींचीच निघाली. माफी वगैरे काही नाही, फक्त म्हणाले, "जा आता, झोप."

पण खरी गंमत होती हिशोबाची. लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. मधे बार्शी लाइटची छोटी रेल्वे, जी 1911 ला लातूरपर्यंत आली. माल इकडून तिकडे जायचा, आणि दोन्हीकडे रुपये वेगळे. आपल्याकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजांचा कलदार. दर असा की 7 हाली म्हणजे 6 कलदार. ऐकायला सोपं वाटतं. आता करून बघा, मोबाइल न काढता. बार्शीहून 35 कलदार आले, हाली किती? उत्तर 40 रुपये, 13 आणे, 4 पै. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा. पंधरा वर्षांचं पोरगं हे तोंडी करायचं. त्यात सरकारी कागदावर फसली सन आणि उर्दू, दुकानाचं वर्ष दिवाळीपासून, रेल्वेच्या पावतीवर इंग्रजी तारीख. चार कॅलेंडरं नसली तरी तीन तरी डोक्यात.

हुंडीही त्यांनी तिथेच पाहिली. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवली की पैसे, मुदती म्हणजे ठरलेल्या दिवसांनी. हुंडी हरवली तर दुसरी लिहायची, ती पेठ. तीही हरवली तर तिसरी, परपेठ. पैसे चुकते झाले की त्या हुंडीला म्हणायचे खोखा. (याचा आजच्या खोक्यांशी संबंध लावू नका, मी लावलेला नाही.)

आणि बँक? ती फार उशिरा आली. हैदराबाद स्टेट बँकेचं कामकाज सुरू झालं 1942 मध्ये. तोपर्यंत आपल्याकडचा पैशाचा बहुतेक कारभार आडत्याच्या आणि सावकाराच्या गादीवरच चालायचा. म्हणजे आजोबांची ती गादी हीच त्यांची ट्रेनिंग सेंटर. सर्टिफिकेट नाही, पण चार वर्षांनी कुठल्याही आडतीवर नाव सांगितलं की काम मिळायचं. 'अमक्याच्या हाताखाली बसलेला' एवढं पुरायचं.

मग 1948 आलं. 30 जानेवारीला स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. उमरीवर वेगळा एपिसोड करायचाय, म्हणून आज थांबतो. सप्टेंबरमध्ये संस्थान भारतात आलं. पुढच्या काही वर्षांत हाली गेला, 1957 ला आणेही गेले, आणि आजोबांचं सात-सहाचं गणित एका पिढीत बिनकामाचं झालं. हैदराबाद स्टेट बँकेची 1956 ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. 'एसबीएच'चे जुने पासबुक तुमच्याही घरी असेल. 2017 ला ती स्टेट बँकेत विलीन झाली. 1976 मध्ये नांदेडला मुख्यालय ठेवून मराठवाडा ग्रामीण बँक निघाली. त्या काळात मॅट्रिक झालेला पोरगा बँकेत चिकटला म्हणजे घरात पेढे. आता क्लार्कलाही पदवी लागते, वर परीक्षा.

मग बारावी झालेल्याला पैशाच्या क्षेत्रात काय उरलं? पिग्मी.

ही पिग्मी आपली नाही, उडुपीची. तिथल्या सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये सुरू केली. एजंटने रोज घरी यायचं, दोन आणे घ्यायचे, कार्डावर लिहायचं. विणकर, हातगाडीवाला, ज्याला बँकेच्या दारात जायला वेळही नाही आणि धीरही नाही, त्याच्याकडे बँकच गेली. कल्पना एक नंबर. पण तो एजंट नोकर की कमिशनवाला? हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. 1988 ला हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने एजंटांच्या बाजूने निवाडा दिला, आणि 2001 ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हे कामगारच आहेत. ग्रॅच्युइटीही मिळाली. पण कायम कर्मचाऱ्याचा पगार नाही. म्हणजे अर्धा आत, अर्धा बाहेर. उमेदवारच की.

माझा मावसभाऊ एकोणीस वर्षांचा असताना नांदेडला एका पतसंस्थेत पिग्मी करायला लागला. संस्थेचं नाव घेत नाही. गळ्यात आयकार्ड, हातात पावतीचं छोटं मशीन. पानटपरी, रसवंती, चप्पलवाला, भाजीवाल्या मावश्या. रोज पन्नास, शंभर. मी महिनाभर त्याच्यासोबत फिरलोय, सुट्टीत. एक गोष्ट लक्षात आली: कोणीच पतसंस्थेला पैसे देत नव्हतं. सगळे त्याला देत होते. "आपल्या ताईचं लेकरू हाय" म्हणून देत होते.

एक दिवस शटर उघडलंच नाही. कागद चिकटवलेला, त्यावर गोलगोल भाषा. आता बघा, बँकेत, सहकारी बँकेतही, 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नसतो. हे त्या मावशींना कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या भावालाही नव्हतं. त्याला शिकवलं होतं ते मशीन कसं चालवायचं, आणि रोज किती कलेक्शन झालं पाहिजे, एवढंच. वर त्याचं स्वतःचं डिपॉझिट तिथेच अडकलं.

लोक संस्थेच्या दारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मावशीच्या दारात आले. शिव्या कमीच होत्या. एक म्हातारी नुसती ओट्यावर बसून राहिली, हातात कार्ड घेऊन. मावशीने तिला चहा दिला. तिने घेतला नाही.

आजोबांच्या दिवाणजींनी त्यांना फुकट राबवलं, हे मला मान्य आहे. त्यावर मी भाबडा होणार नाही. जातीतला, ओळखीतला पोरगा नसेल तर त्या गादीवर कोणी बसूच देत नव्हतं. पण आडत बुडाली तर लोक मालकाकडे जात, उमेदवाराकडे नाही. आमच्या भावाच्या वेळी मालक कोण हेच कोणाला माहीत नव्हतं.

2024 ला राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिना 6,000 रुपये. आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. भावाने फॉर्म भरला, एका कार्यालयात लागला, फायली लावल्या, अकरा महिने संपले. पुढे काय, हे विचारायला पोरं आंदोलनाला बसली, त्यात तोही एक दिवस जाऊन आला.

आता तो दुसऱ्याच्या दुकानात हिशोब बघतो, टॅली शिकलाय. एक मात्र करतो. ज्यांचे पाचशे-हजार अडकलेत अशा सात जणांना तो दर महिन्याला थोडे थोडे स्वतःच्या खिशातून देतोय. मी म्हटलं, "अरे, कायद्याने तुझं काही देणं नाही." तो म्हणाला, "दादा, कार्डावर सही माझी हाय ना." त्या म्हातारीचं खातं सगळ्यात आधी मिटवलं. आता पाच उरलेत.

चला, आजच्यासाठी एवढंच. पुढच्या भागात उमरी.