शब्दवेध : प्लूटो

म्हैसूरच्या बोगादीत भाचीच्या हाती मार्व्हलचं कॉमिक दिसलं. त्यात पाताळाचा ग्रीक राजा प्लूटो. १९६६मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी थॉरच्या कथेत त्याला खलनायक करून आणलं. नाव मात्र मंगल! ग्रीक 'प्लूटॉस' म्हणजे संपत्ती. धान्य जमिनीतून उगवतं, धातू तिच्याच पोटात सापडतात. म्हणून भूगर्भाचा स्वामी धनवंत. शिवाय 'हेडीस' हे त्याचं नाव उच्चारायला ग्रीक बिचकत. आपल्याकडे फुटलेली बांगडी 'वाढवली' म्हणतात, रात्री सापाला 'जनावर' म्हणतात, जीवघेण्या रोगालाही 'देवी' म्हटलं, रीत तीच. यम मात्र आपल्याकडे उघड नावानिशी येतो. यम म्हणजे आवरणारा, शिवाय जुळाही. यमी त्याची बहीण. सावित्रीचं म्हणणं थांबून ऐकणारा अमर चित्र कथेतला यम मला प्लूटोपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.