जो आधी शिवेल, त्याचा चेंडू

15 एप्रिल 1965. बॉस्टन गार्डनमध्ये बास्केटबॉल मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. उरलेत पाच सेकंद. बॉस्टन सेल्टिक्स 110, फिलाडेल्फिया 109. बॉस्टनचा बिल रसेल बेसलाइनबाहेरून, म्हणजे बास्केटमागच्या रेषेबाहेरून, चेंडू आत टाकायला उभा राहिला आणि त्याचा पास बास्केटला आधार देणाऱ्या तारेवर आदळला. चेंडू गेला फिलाडेल्फियाकडे. आता बेसलाइनवर हॅल ग्रीअर. त्याने चेंडू आत टाकला, बॉस्टनच्या जॉन हॅवलिचेकने उडी मारून तो सॅम जोन्सकडे वळवला आणि बॉस्टन तरले. दोन थ्रो-इन, दोन्ही फसलेले, आणि अख्ख्या मालिकेचा निकाल त्यांवर.

आजचा नियम सोपा आहे. बास्केट झाली की जिच्यावर झाली ती टीम बेसलाइनमागून चेंडू आत टाकते, आणि टाकणारा रेषेमागे हवा तसा इकडून तिकडे पळू शकतो. चेंडू बाहेर गेला असेल तर मात्र ठरलेल्या जागेवरूनच टाकायचा. चेंडू कोणाचा, याबद्दल हल्ली मूलही वाद घालत नाही: ज्याच्या हातून गेला त्याच्या विरुद्ध टीमचा. पण बास्केटबॉलच्या जन्माच्या वेळी असे नव्हते, आणि खरी कुळकथा तिथेच दडली आहे.

डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने तेरा नियम लिहिले. नववा नियम असा: चेंडू हद्दीबाहेर गेला की जो त्याला आधी हात लावेल, त्यानेच तो आत टाकावा. म्हणजे शिवाशिवीच! सीमारेषा ओलांडली की खेळ थांबायचा नाही, उलट भडकायचा. बास्केट ठोकल्या होत्या दहा फुटांवर, प्रेक्षकांच्या सज्जाच्या कठड्याला. चेंडू त्या सज्जात गेला की पोरे जिन्याकडे धावत, नाहीतर एकमेकांना खांदा देऊन वर चढवत. 1896 मध्ये ट्रेंटनला तर मैदानाभोवती पिंजराच उभारला गेला, म्हणजे चेंडू बाहेर जायलाच नको. बास्केटबॉलपटूंना इंग्रजीत ‘केजर’ म्हणतात, ते त्या पिंजऱ्यामुळे.

इतका भांडखोर नियम नेस्मिथला सुचला कुठून?

पहिला दावेदार फुटबॉल. 1863 साली लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने केलेल्या नियमांत जवळजवळ हेच आहे: चेंडू रेषेपार गेला की पहिल्यांदा शिवणारा तो आत फेकेल. शब्दरचना पाहिली तर ही बाजू भक्कम वाटते. पण फुटबॉलवाल्यांनी 1873 मध्येच हा नियम मोडीत काढून चेंडू विरुद्ध टीमला द्यायला सुरुवात केली. तेव्हा नेस्मिथ कॅनडात अकरा-बारा वर्षांचा पोर होता. पुढे तो जे फुटबॉल खेळला, त्यात हा नियम उरलाच नव्हता.

दुसरा दावेदार रग्बी, आणि कौल तिकडेच द्यावा लागतो. रग्बीच्या 1871 च्या नियमांतही बाहेर गेलेला चेंडू जो आधी जमिनीला टेकवेल, त्याच्याच बाजूने तो रेषेवर आणून खेळात सोडायचा होता. नेस्मिथ मॅकगिल विद्यापीठात रग्बी खेळलेला. शिवाय मधोमध चेंडू उडवून खेळ सुरू करण्याची कल्पना आपण रग्बीत दोन रांगांच्या मधे बाहेरून चेंडू आत टाकतात त्यावरून घेतली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. दोन रांगांची रेटारेटी नको म्हणून त्याने उडीसाठी दोन्ही बाजूंचा एकेकच गडी घेतला. म्हणजे नियम बांधताना त्याच्या डोळ्यांसमोर रग्बीची सीमारेषाच होती. तिथून उडी उचलणाऱ्याने ‘आधी शिवेल तो’ हेही तिथूनच उचलले असणार.

या धाग्याचे दुसरे टोक एका शब्दात सापडते. फुटबॉलमधल्या बाजूच्या रेषेला ‘टचलाइन’ का म्हणतात? चेंडू रेषेला टेकतो म्हणून, असे पुष्कळ जण सांगतात. पण रग्बी शाळेच्या 1845 च्या नियमांत ‘टच’ हे रेषेचे नाव नाही, रेषेबाहेरच्या जागेचे आहे: जिथे गेलेल्या चेंडूला धावत जाऊन शिवायचे, ती जागा. शिवण्याच्या शर्यतीने जागेला नाव दिले आणि जागेने रेषेला, हाच क्रम पटतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू जमिनीला टेकवण्याची गरज केव्हाच संपली, तरी ‘टचडाउन’ टिकून आहे. फुटबॉलच्या टचलाइनचेही तेच झाले: शर्यत संपली, नाव राहिले.

बास्केटबॉलने ही शर्यत 1913 मध्ये बंद केली. तरीही बास्केटनंतर चेंडू बेसलाइनवर येत नव्हता. दर वेळी मधोमध जाऊन उडी घ्यायची. उंच गडी असलेल्या टीमची त्यात चंगळ होई. 1937-38 च्या हंगामात ती उडी गेली आणि बेसलाइनला आजचे महत्त्व आले. 28 मार्च 1992 रोजी फिलाडेल्फियात ड्यूकचा ग्रँट हिल त्याच रेषेमागे उभा होता. 2.1 सेकंद उरले होते आणि केंटकीने त्याच्यासमोर कोणालाच उभे केले नव्हते. त्याने सुमारे पंचाहत्तर फूट लांब पास फेकला. ख्रिश्चन लेटनरने तो झेलला, वळून टाकला आणि ड्यूक 104-103 ने जिंकले.

पुढच्या वेळी सामना पाहाल तेव्हा थ्रो-इनला पंचाचा हात पाहा. तो हाताच्या झोक्याने सेकंद मोजत असतो. नेस्मिथने नवव्या नियमात चेंडू आत टाकायला पाचच सेकंद दिले होते, आणि आजही पाचच आहेत.