पांढऱ्या मोज्यांचं २००५

८ मे २०२५ ला रॉबर्ट प्रीव्होस्ट हे पोप लिओ चौदावे झाले. पहिले अमेरिकन पोप, आणि जन्म शिकागोचा. त्या दुपारी आमच्या शहरात धर्माची चर्चा बाजूलाच राहिली. सगळ्यांना एकच प्रश्न, पोप कुणाचे? कब्जचे की व्हाइट सॉक्सचे? रिग्ली फील्डच्या दारावरच्या त्या प्रसिद्ध लाल पाटीवर लगेच झळकलं की ते कब्जचे चाहते आहेत. बातम्यांतूनही तेच फिरलं. मग पोपच्या सख्ख्या भावाने टीव्हीवर सांगितलं की छे, तो पहिल्यापासून सॉक्सचा. त्यानंतर २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याचं जुनं चित्रण सापडलं. त्यात शेवटच्या इनिंगला प्रेक्षकांत चिंतेत बसलेले प्रीव्होस्ट स्पष्ट दिसतात. तेव्हा कुठे विषय मिटला.

सगळ्यांना गंमत वाटली. मलाही वाटली, पण गेली कित्येक वर्षं मी घरात, ऑफिसात आणि फोनवर पुण्याच्या मंडळींसमोर जे रडगाणं गातो आहे ते यात पुरतं आलं. शिकागो म्हणजे कब्ज, हे न विचारता धरून चालायचं. सॉक्सचं काही असेल तर मात्र पुरावा आणा! पोप असलात तरी.

भारतातल्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. शिकागोत बेसबॉलचे दोन संघ. उत्तरेला कब्ज, दक्षिणेला व्हाइट सॉक्स, म्हणजे पांढरे मोजे (नाव खरंच मोज्यांवरून पडलं आहे). रेड लाइन नावाची एकच लोकल दोघांच्याही मैदानाजवळून जाते. दोघांच्या लीग वेगळ्या असल्याने १९९७ पर्यंत नेहमीच्या मोसमात ते एकमेकांशी खेळतच नसत. एकदाच, १९०६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, गाठ पडली. कब्जने त्या मोसमात ११६ सामने जिंकले होते. सॉक्सने त्यांना ४-२ असं हरवलं. ही गोष्ट शिकागोतल्या किती जणांना ठाऊक आहे ते एकदा विचारून बघा.

मी इथे आलो तेव्हा कुठला संघ निवडायचा याचा फार विचार करावा लागला नाही. पुण्याचा माणूस, मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत राहायची सवय. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात, महाराष्ट्राकडून खेळताना, नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता आणि काठियावाडच्या कप्तानाने पुढे खेळायलाच नकार दिला. हीच खेळी मुंबईच्या फलंदाजाची असती तर आम्ही ती शाळेच्या पुस्तकात वाचली असती, असं माझे वडील म्हणायचे. असो. तर मी सॉक्सचा झालो.

आता खरा प्रश्न. हा पक्षपात आला कुठून? कब्जचे लोक म्हणतात की आमचं मैदान सुंदर, आमच्या हरण्यात गोडवा, म्हणून जग आमच्या प्रेमात. मैदान सुंदर आहे, मान्य. भिंतीवर वेल, आजूबाजूला जुनी घरं. पण प्रेम असं आपोआप शहराबाहेर पसरत नाही. त्यासाठी अँटेना लागतो.

१९८१ साली ट्रिब्यून कंपनीने रिग्ली कुटुंबाकडून कब्ज विकत घेतले, सुमारे दोन कोटी डॉलरला. या कंपनीकडे शिकागो ट्रिब्यून हे शहरातलं सर्वांत मोठं वर्तमानपत्र होतं, आणि डब्ल्यूजीएन हे रेडिओ आणि टीव्ही स्टेशन. (ही आद्याक्षरं 'जगातलं सर्वश्रेष्ठ वर्तमानपत्र' या अर्थाची आहेत. विनय हा ट्रिब्यूनचा विशेष नव्हे.) डब्ल्यूजीएन टीव्ही १९७८ पासून उपग्रहावरून देशभर केबलने दिसत होतं. म्हणजे बघा, संघ त्यांचा, वर्तमानपत्र त्यांचं, रेडिओ त्यांचा, आणि देशभरच्या दिवाणखान्यात जाणारी वाहिनीही त्यांची. त्यात रिग्ली फील्डवर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवे नव्हते, घरचे सगळे सामने दुपारी. आयोवातलं, नेब्रास्कातलं पोर शाळेतून घरी आलं की टीव्हीवर कब्ज. त्या पोरांची एक अख्खी पिढी पुढे कब्जची चाहती झाली, आणि त्यातलीच काही पुढे क्रीडापत्रकार झाली असणार, असा माझा कयास.

आणि त्याच सुमारास सॉक्सने काय केलं? बरोबर उलट. १९८१ लाच सॉक्सही नव्या मालकांच्या हाती आले, आणि त्यांनी ठरवलं की सामने फुकट दाखवायचे नाहीत. १९८२ पासून बरेचसे सामने स्पोर्ट्सव्हिजन नावाच्या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर गेले. दक्षिण शिकागोतल्या कामगार वस्त्यांत तेव्हा वेगळे पैसे भरून बेसबॉल कोण बघणार? हॅरी केरी हा सॉक्सचा लाडका समालोचक. मैदानावर सातव्या इनिंगला प्रेक्षकांबरोबर गाणं म्हणायची प्रथा त्याने १९७६ साली सॉक्सच्याच मैदानावर, कॉमिस्की पार्कमध्ये सुरू केली. १९८२ ला तो कब्जकडे गेला, गाणं बरोबर घेऊन! आज ती प्रथा कब्जची म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. त्यामुळे दोष फक्त वर्तमानपत्रांचा, असं मी म्हणणार नाही. दार आतून आपणच लावून घेतलं होतं. पण लावलं मालकांनी आणि बाहेर राहिले चाहते.

ट्रिब्यूनने कब्ज २००९ साली विकले. तोवर सवय मुरली होती.

आता २००५. याच्यासाठीच हा सगळा प्रपंच.

सॉक्स त्याआधी १९१७ साली जिंकले होते. १९१९ ला त्यांच्याच खेळाडूंनी जुगाऱ्यांचे पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरल्याचं प्रकरण झालं, आठ जणांवर १९२१ साली आजन्म बंदी आली. त्यानंतर थेट १९५९ ला एकदा अंतिम मालिका, तीही हरले. म्हणजे २००५ पर्यंत ८८ वर्षं. बोस्टनच्या रेड सॉक्सने २००४ ला ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला तेव्हा देशभर पुस्तकं, माहितीपट, अश्रू. आमची दोन वर्षं जास्तच होती. पण बोस्टनकडे बेब रूथचा शाप, कब्जकडे १९४५ पासून बोकडाचा शाप. आमच्याकडे लाच. लाचेची गोष्ट सांगताना कुणाचा ऊर भरून येत नाही.

त्या वर्षी सॉक्स पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत आपल्या गटात एकदाही मागे पडले नाहीत. ९९ विजय. ऑगस्टच्या सुरुवातीला १५ सामन्यांची आघाडी, सप्टेंबरच्या शेवटी ती दीडवर आली. तेव्हा मात्र देशभरातल्या वाहिन्यांना आमची आठवण झाली, कारण घसरगुंडी दाखवायला मजा येते. सॉक्स घसरले नाहीत. पहिल्या फेरीत गतविजेत्या बोस्टनला ३-० हरवलं. तिसऱ्या सामन्यात, बोस्टनमध्येच, सॉक्सची एकच धावेची आघाडी, तिन्ही बेस भरलेले आणि एकही बाद नाही, अशा वेळी क्यूबाहून आलेला एल ड्यूके हर्नांडेझ गोलंदाजीला आला आणि एकही धाव न देता बाहेर पडला. मी त्या वेळी खुर्चीवर बसलो नव्हतो एवढंच आठवतं.

दुसऱ्या फेरीत एंजल्सविरुद्ध पहिला सामना हरले. पुढचे चार जिंकले, आणि त्या चारही सामन्यांत सुरुवातीच्या गोलंदाजानेच शेवटचा चेंडू टाकला. बर्ली, गार्लंड, गार्सिया, काँत्रेरास. पाच सामन्यांत राखीव गोलंदाजांना मिळून फक्त दोन जण बाद करावे लागले. आजच्या बेसबॉलमध्ये पिचर पाच-सहा इनिंगनंतर निघून जातो, त्यामुळे हे पुन्हा घडेल असं मला वाटत नाही. पण त्या मालिकेतली लोकांना काय आठवतं? दुसऱ्या सामन्यातला पंचाचा एक वादग्रस्त निर्णय. तेवढंच.

वर्ल्ड सिरीजमध्ये ह्यूस्टनला ४-०. दुसऱ्या सामन्यात पोडसेडनिकने शेवटच्या इनिंगला होमरन मारून सामना जिंकला. हा गडी संपूर्ण मोसमात एकही होमरन न मारलेला! तिसरा सामना १४ इनिंग चालला, ५ तास ४१ मिनिटं. चौथा २६ ऑक्टोबरला, १-० ने. बाद फेरीतला एकूण हिशोब ११ विजय, १ पराभव. व्यवस्थापक ओझी गियेन हा व्हेनेझुएलाचा, वर्ल्ड सिरीज जिंकणारा लॅटिन अमेरिकेतला पहिला व्यवस्थापक.

२००४ च्या मालिकेचं टीव्ही रेटिंग सरासरी १५.८ होतं. २००५ चं ११.१, तोवरचं सर्वांत कमी. वाहिन्या हाच आकडा आमच्या तोंडावर फेकतात की बघा, तुम्हाला कुणी बघतच नाही, आम्ही काय करणार? आधी पंचवीस वर्षं दाखवायचं नाही, मग ओळखत नाहीत म्हणून दाखवायचं नाही. ओळख होणार कशी?

माझ्या ऑफिसात दक्षिण शिकागोतला एक ज्येष्ठ सहकारी होता. त्याचे वडील जन्मले १९१८ ला आणि गेले २००३ ला. म्हणजे १९१७ आणि २००५ या दोन विजयांच्या मध्ये एक अख्खं आयुष्य, पोलादाच्या कारखान्यातली चाळीस वर्षं धरून. २७ ऑक्टोबरला हा ऑफिसात उशिरा आला. सकाळी वर्तमानपत्र घेऊन कबरस्तानात जाऊन आला होता. पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणाला. त्याला विचित्र वाटलं नाही, आम्हालाही नाही.

२०१६ ला कब्ज १०८ वर्षांनी जिंकले. चांगला सामना होता, दहा इनिंग, ८-७, मी पूर्ण बघितला. त्याचं दुःख नाही. पण त्याच दिवसांत एका मोठ्या क्रीडावाहिनीने शिकागोच्या विजयांची यादी पडद्यावर दाखवली आणि तीत २००५ नव्हतंच. चूक कुणाच्याही लक्षात न येता पडद्यापर्यंत पोचली. माझा सहकारी तोवर निवृत्त झाला होता. त्याचा फोन आला. पहिलं वाक्य, "मग मी वडिलांना काय वाचून दाखवलं?" तो हसत होता, पण फार नाही.

बरं, सॉक्स वाहिन्यांना अगदीच नकोसे आहेत असंही नाही. २०२४ ला त्यांनी १२१ सामने हरून आधुनिक काळातला विक्रम केला तेव्हा देशभरचे कॅमेरे हजर होते, रोज आकडा मोजायला. १९१९ ची लाच सगळ्यांना माहीत, त्यावर चित्रपट निघालेत. १९७९ साली कॉमिस्की पार्कवर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या आणि दंगल झाली, तेही माहीत. लाच, दंगल आणि १२१. मधल्या एका ऑक्टोबरसाठी तेवढी जागा नाही.

भारतातून येणाऱ्या आमच्या पाहुण्यांच्या यादीत रिग्ली फील्ड नेहमी असतं. मी नेतो. फोटोही काढतो, लाल पाटीसकट. यंदा डिसेंबरात येणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं की तिथून आपण रेड लाइन पकडून दक्षिणेला पस्तिसाव्या रस्त्यापर्यंत जाणार आहोत. मैदान बंद असेल, थंडी असेल. पण दाराबाहेर २००५ चं स्मारक आहे, ते बाहेरूनच दिसतं. कानटोप्या आणा.