काळी गाडी, ओरखडे आणि शंभर वर्षांची घासाई

आमच्या भाच्याने दसऱ्याला नवी गाडी घेतली. काळी. राजुऱ्यात राहून काळी गाडी घेणे म्हणजे पांढरे धोतर नेसून होळी खेळायला जाण्यासारखेच, फक्त उलट्या बाजूने. पण हौसेला मोल नसते, आणि काळी गाडी दिसते देखणी, हे मान्यच करावे लागते. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली त्याला बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघांची नक्षी दिसली. डाव्या दारावर दोन लांब ओरखडे होते, ते वेगळेच. शोरूमवाल्यांचे (नाव कशाला घ्या!) उत्तर तयार होते, "बॉनेट आणि दार नवीन रंगवून देतो, काही कळणारसुद्धा नाही." इकडे गावातल्या पेंटरभाऊंचे म्हणणे, "काही नाही जी, मशीन मारून देतो. आणि मग दर दिवाळीला एकदा घासून घ्यायची, आरशासारखी राहते."

भाच्याने मला विचारले, मामा, दोघांत खरे कोणाचे? मी काही गाड्यांतला जाणकार नाही, पण जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे. पाहता पाहता असे दिसले की 'दर दिवाळीला घासा' या सल्ल्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. एके काळी तो अगदी बरोबरही होता. म्हणून हा लेख. (नागपूरच्या काकांनी 'गाडीवर काय लिहितोस' असे म्हणू नये, पुढे निजामही येणार आहे.)

तर आधी निजामच घेऊ. राजुरा तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आला. आमच्या आजोबांच्या पिढीने घर न बदलता तीन जिल्हे पाहिले. त्या संस्थानाच्या सहाव्या निजामाने, महबूब अली खानाने, एक रोल्स रॉईस मागवली होती. रंग पिवळा, संस्थानाच्या निशाणासारखा. गाडी हाती येण्याआधीच १९११ मध्ये तो वारला. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली आहे. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की त्या काळी मोटारीला रंग देणे हे घोडागाडीला रंग देण्याचेच काम होते. जवसाचे तेल आणि झाडांच्या राळेचे व्हार्निश, ब्रशने द्यायचे. एक हात दिला की वाळू द्यायचा, मग प्युमिसची पूड आणि पाण्याने घासायचा, वर पुढचा हात. असे करत करत एक गाडी पुरी व्हायला काही आठवडे लागत. म्हणजे घासाई तेव्हाही होती, पण ती रंग चढवण्याचाच एक भाग होती.

हेन्री फोर्डला एवढा वेळ परवडणार नव्हता. काळ्या रंगाबद्दलचे त्याचे वाक्य सगळ्यांनाच पाठ आहे, म्हणून इथे देत नाही. पण एक गंमत फारशी कोणी सांगत नाही. १९०८ साली आलेली मॉडेल टी पहिली काही वर्षे काळी मिळतच नव्हती! हिरवी, लाल, करडी, निळी अशी मिळे. १९१४ ते १९२५ या काळातच ती फक्त काळी निघाली. तो काळा रंग डांबरी जातीचा होता. अमेरिकेतल्या युटामध्ये गिल्सोनाइट नावाचा डामरासारखा दगड जमिनीतून काढतात, तो त्यात विरघळवलेला असे. स्वस्त, चिवट, आणि भट्टीत भाजला की पक्का बसणारा. आमच्या सास्ती-गोवरी-पौनीच्या खाणींतल्या काळ्या दगडाचा दूरचा चुलतभाऊच म्हणायचा.

मग आली बारूद. पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेत ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोज ढिगाने बनवले होते. युद्ध संपल्यावर त्याचे करायचे काय? त्याच जातीच्या मालापासून त्यांनी लॅकर केले, नाव ठेवले ड्युको. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या या रंगात निळ्या रंगून बाजारात आल्या. फवाऱ्याने मारायचा, तासाभरात वाळतो, आणि हवा तो रंग मिळतो. फोर्डच्या काळ्या रंगाची सद्दी संपायला हेही एक कारण झाले. (दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली ज्या फिल्मवर निघाला तिचाही पाया नायट्रोसेल्युलोजच. एकाच रसायनाने बंदूकही चालवली, सिनेमाही आणि गाडीची चमकही.) आपल्याकडे फर्निचरवाले आजही फवाऱ्याच्या कामाला 'ड्युको मारणे' म्हणतात, ते इथून आले.

आणि 'लॅकर' हा शब्द? तो आपलाच. संस्कृत लाक्षा, आपली लाख. फारसी, अरबी, पोर्तुगीज असा फिरत फिरत तो युरोपात गेला. पूर्व विदर्भातल्या जंगलात पळसावर, कुसुमावर जी लाख धरते तीच ही. पांडवांना जाळायला लाक्षागृह बांधले होते हे आठवले की हा पदार्थ किती ज्वालाग्राही असेल ते कळते. नायट्रोसेल्युलोजचे लॅकर त्याहून सवाई.

तर सांगायचा मुद्दा असा. ड्युको वाळल्यावर चमकत नसे. तो मंद दिसे, आणि चमक आणायला तो घासावाच लागे. पुढे उन्हातान्हात त्याचा वरचा थर मरून पांढुरका पडे. तो मेलेला थर रबिंग कंपाउंडने काढला की खालून ताजा रंग वर येई, मग मेण लावायचे. नंतर इनॅमल रंग आले तरी कथा तीच राहिली. आपल्याकडची अँबॅसिडर (१९५८ ते २०१४), कुर्ल्याची फिएट, पुढे पद्मिनी, या गाड्यांच्या धन्यांनी वर्षानुवर्षे हेच केले. कापडावर गाडीचा रंग उतरायचा, आणि 'पाहा, मळ कसा निघाला' म्हणून सगळे खूश व्हायचे. तो मळ नव्हता, रंगच होता. पण रंगाचा थर जाड असे आणि वर दुसरे काही नसे, त्यामुळे चालून जाई. आपले पेंटरभाऊ ज्या उस्तादांकडे शिकले ते या शाळेतले.

साधारण १९८०नंतर जगभर एक बदल झाला, आणि मेटॅलिक रंगांबरोबर तो आपल्याकडेही आला. रंग आता दोन थरांत असतो. खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर बिनरंगी, पारदर्शक क्लिअर कोट. चमक सगळी त्या वरच्या थराची. उन्हापासून रंगाला वाचवणारे द्रव्यही त्याच्यातच. आणि त्याची जाडी? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७०च्या आसपास असतो. म्हणजे भाच्याची ती सगळी ऐट केसाहूनही बारीक पापुद्र्यावर उभी आहे. मशीनने एकदा नीट पॉलिश केले तरी त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात, आणि दांडगाईने कंपाउंड मारले तर त्याहून पुष्कळ. दर दिवाळीला घासली तर काही वर्षांत हा थर इतका विरळ होतो की ऊन त्याला खाऊन टाकते आणि छपरावर पापुद्रे सुटतात. तशा गाड्या चंद्रपूरच्या रस्त्यावर हव्या तेवढ्या दिसतील. एकदा गेलेला क्लिअर कोट मेणाने परत येत नाही.

म्हणून पेंटरभाऊंचा सल्ला बाद. मग शोरूमचा? तो त्याहून वाईट. कारखान्यात नुसता पत्रा असतानाच गाडी रंगवतात आणि साधारण १४० अंशांच्या भट्टीतून काढतात. तयार गाडीत रबर, प्लास्टिक, तारा, काचा असतात, तिला तेवढी आच देता येत नाही. गॅरेजमधला रंग ६०च्या आसपास पिकवतात, तो निराळ्या जातीचा असतो. कारागीर चांगला असेल तर कामही चांगले होते, पण मूळ रंग तो मूळ रंग. उद्या गाडी विकताना जाडी मोजायचे यंत्र लावले की 'ठोकलेली दिसते' असे म्हणायला समोरचा मोकळा. नव्या कोऱ्या गाडीला हा डाग कशाला?

आता ते गोल जाळे कुठून आले? ते गोल नसतेच. बॉनेटवर सगळ्या दिशांनी हजारो बारीक रेघा असतात. दिव्याभोवती ज्या रेघा आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून जाळे दिसते. पांढऱ्या गाडीवरही त्या असतात, पण पांढऱ्यात पांढरे लपते. त्या पडतात कोरड्या फडक्याने धूळ पुसल्यामुळे. दसऱ्याच्या गर्दीत शोरूममधल्या पोराला दिवसाला किती गाड्या पुसाव्या लागतात ते पाहिले की त्याच्यावर रागही धरवत नाही. त्यात आपली पूजा. हार पडू नये म्हणून तार, नारळ ठेवायला बॉनेट, आणि ओल्या कुंकवाचे स्वस्तिक वाळल्यावर खसाखसा पुसणे. पूजा जरूर करा, पण नारळ चाकाजवळ फोडा आणि स्वस्तिक काचेवर काढा, देवाला चालते. :)

राजुऱ्याची धूळ तर खास. कोळशाची भुकटी मऊ, पण तिच्याबरोबर येणारी माती आणि राख मऊ नसते. गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीकडून सिमेंटची धूळ येते, आणि थंडीतल्या दवाने ती भिजली की गाडीवर खरोखरच सिमेंट बसते. हा सगळा चुनखडीचा पट्टा, म्हणून बोअरचे पाणीही जड. काळ्या गाडीवर ते उन्हात वाळले की पांढरे ठिपके उठतात. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर चौथे आले होते. आपण श्वासाबरोबर काय घेतो ते काळ्या बॉनेटवर रोज सकाळी वाचता येते.

शेवटी भाच्याने काय केले ते सांगतो, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. आधी नख फिरवून पाहिले. दारावरच्या दोन ओरखड्यांपैकी एकात नख अडकत नव्हते, दुसऱ्यात अडकले. ज्यात अडकते तो पॉलिशने काढायच्या भानगडीत पडायचे नाही, तेवढे खरवडले तर क्लिअर कोट उरतच नाही. तिथे गाडीच्या रंगाचा टचअप बारीक टोकाने भरला. आतला पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरू नये म्हणून हे आधी करायचे. मग गाडी भरपूर पाण्याने नुसती धुतली. त्यानंतर दोन बादल्या घेतल्या, एकीत शांपूचे पाणी, दुसरीत हातमोजा खळबळायला साधे पाणी. मायक्रोफायबरने टिपून घेतली, पुसली नाही. सिमेंटचे ठिपके पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने सोडवून लगेच धुऊन टाकले. मग नागपूरच्या एका कारागिराकडून जाडी मोजून घेतली आणि सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ पॅड लावून हातभर जागेवर मारून पाहिले. तेवढ्यानेच जाळे जवळजवळ गेले. कंपाउंडला हातच लावला नाही. खोल रेघा थोड्या राहिल्या, त्या राहू दिल्या.

वर काय लावायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे. ते वितळायला ८२-८६ अंश लागतात, पण आमच्या मे महिन्यात काळा पत्रा किती तापतो ते हात लावून पाहा. मेण महिना-दोन महिने टिकले तरी खूप. सिरॅमिक लेप जास्त टिकतो आणि धूळ धुवायला सोपी जाते, पण त्याने ओरखडे पडत नाहीत असे कोणी सांगितले तर ऐकू नका, तो लेप क्लिअर कोटहूनही कितीतरी पातळ असतो. ओरखड्याला खरोखर अडवते ती पॉलियुरेथेनची जाड फिल्म. तिचा उगम व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळूपासून वाचवायला लावलेल्या पट्टीत आहे. महाग आहे. भाच्याने ती फक्त बॉनेटला आणि पुढच्या बंपरला लावली, कारण बल्लारपूरच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागून खडे उडतात ते तिथेच. बाकी गाडीला सिरॅमिक.

पेंटरभाऊंना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "मग दिवाळीले आमी काय करू जी?" मी म्हटले, धुवा. तेव्हापासून महिन्यातून दोनदा ते दोन बादल्या घेऊन येतात. गाडीवर कव्हर मात्र घालू देत नाहीत. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर ओढले म्हणजे पॉलिश पेपरच ओढला, असे त्यांनीच भाच्याला सुनावले.