ताठ कणा, लवचिक शेपटी: द्रवस्फटिकांच्या इतिहासातून

पदार्थाच्या अवस्था किती, या प्रश्नाचं शाळेतलं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे: घन, द्रव आणि वायू. आज आपण अशा पदार्थांचा इतिहास बघणार आहोत, ज्यांनी हे उत्तर अडचणीत आणलं.

मार्च 1888 मध्ये प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनित्झर यांनी ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाला एक पत्र लिहिलं. कोलेस्टेरिल बेंझोएट नावाचा पदार्थ त्यांना चक्क दोनदा वितळताना दिसला होता. 145.5 अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव होई आणि 178.5 अंशांना तो गढूळपणा जाऊन द्रव नितळ होई. लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तो गढूळ द्रव प्रकाशाशी स्फटिकासारखा वागत होता. त्यांनी त्याला ‘वाहता स्फटिक’ म्हटलं. गुस्टाव टामान यांच्यासारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की हे नुसतं मिश्रण आहे, दुधासारखं. आता बघा, हा वाद फक्त प्रयोगाचा नव्हता. स्फटिक म्हणजे सुव्यवस्था आणि द्रव म्हणजे अव्यवस्था, अशी व्याख्याच असेल तर ‘वाहता स्फटिक’ हा वदतोव्याघात ठरतो. पुरावा समोर असला तरी त्याला बसायला खानाच नाही!

खाना तयार केला तो हाले इथल्या डानिएल फोरलेंडर यांनी. त्यांच्या प्रयोगशाळेत असे पदार्थ शेकड्यांनी तयार झाले आणि त्यातून एक नियम निघाला: रेणू जितका सरळ, लांबट, तितका तो द्रवस्फटिक होण्याची शक्यता जास्त. 1949 मध्ये लार्स ऑन्सागर यांनी या कल्पनेला गणित दिलं. शेवग्याच्या शेंगा डोळ्यांसमोर आणा. थोड्या असतील तर कशाही पडतील. पण पाटीत दाटीवाटीनं भरायच्या म्हटलं की त्या एका दिशेला लावाव्याच लागतात. एकमेकींबद्दल काही ओढ नसली तरी चालतं, ताठपणा आणि दाटी पुरेशी आहे. एका दिशेला लागल्यावर प्रत्येकीला हलायला जागा उलट जास्त मिळते. शेंगांच्या जागी शिजवलेल्या शेवया घेतल्या तर मात्र गुंताच होईल.

मग निष्कर्ष सोपा वाटतो: ताठपणा हवा, लवचिकपणा नको. पण इथेच गंमत आहे. बेंझिनच्या पाच कड्या एका रेषेत जोडून अगदी ताठ रेणू केला, तर तो वितळायलाच चारशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. ताठ रेणू स्फटिकात इतके चपखल बसतात की तिथून हलायला तयार नसतात. द्रवस्फटिक व्हायची पात्रता आहे, पण खोलीच्या तापमानाला उपयोग शून्य.

1970च्या सुमारास हा प्रश्न व्यवहाराचा झाला. अमेरिकेत 1968 मध्ये द्रवस्फटिकाचा पडदा जाहीर झाला होता, पण त्यासाठी खोलीच्या तापमानाला टिकणारा पदार्थ हवा होता. जे मिळत होते त्यातले बरेच दमट हवेनं बिघडत. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये उत्तर दिलं. दोनच कड्यांचा ताठ कणा, एका टोकाला सायनो गट आणि दुसऱ्या टोकाला कार्बन अणूंची लवचिक शेपटी. शेपटीत पाच कार्बन असलेला रेणू 24 अंशांना वितळतो आणि 35 अंशांपर्यंत द्रवस्फटिक राहतो. शेपटी वळवळते, स्फटिकाची बैठक मोडते आणि द्रवणांक खाली येतो. दिशा कणा देतो, वाहण्याची मोकळीक शेपटी देते.

शेपटीची लांबी बदलली तर काय होतं? नितळ होण्याचं तापमान चार कार्बनांना सुमारे 16.5 अंश, पाचला 35, सहाला 29, सातला 43, आठला 40.5. विषमाला वर, समाला खाली. शेपटी नागमोडी असते. कार्बनांची संख्या विषम असेल तर तिचा शेवटचा बंध कण्याच्या दिशेत येतो, सम असेल तर बाजूला वळतो. पण हे आकडे पुन्हा बघा. चार ते पाच ही उडी साडेअठरा अंशांची, सहा ते सात चौदाची. पाच ते सहा उतार सहा अंशांचा, सात ते आठ जेमतेम अडीचचा. शेपटी ताठ असती तर हा झोका मंदावला नसता. ती जागोजागी वळते, म्हणून टोकापर्यंत पोचेतो दिशेची आठवण पुसट होते. 1974 मध्ये मार्चेल्या यांनी शेपटीच्या वेगवेगळ्या वळणांचा हिशेब सिद्धांतात धरला आणि सम-विषमाचा हा खेळ गणितातून मिळाला. शेपटी आठ कार्बनांची झाली की आणखी एक गोष्ट घडते: कणे कण्यांशेजारी, शेपट्या शेपट्यांशेजारी येऊन थर तयार होतात.

आपल्या देशाचा वाटाही इथेच येतो. 1977 मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखवले. फोरलेंडर यांचा सरळ रेणूचा नियम तिथे लागूच पडत नाही. शेपट्या मात्र तिथेही आहेत, चकतीभोवती सहा.

अलीकडची गोष्ट तर याहून नवलाची. ग्रे यांच्या रेणूसारखे दोन ताठ कणे सात कार्बनांच्या लवचिक दुव्यानं जोडले तर रेणू मधे वाकतो. हे वाकडे रेणू मिळून सुमारे आठ नॅनोमीटर फेऱ्याचं मळसूत्र तयार करतात. दुव्यात सहाच कार्बन घ्या, रेणू जवळजवळ सरळ राहतो आणि मळसूत्र होत नाही. एका कार्बनानं अवस्थाच बदलते.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावं? व्यवस्था आणि मोकळीक यांना आपण परस्परविरोधी खान्यांत टाकलं, म्हणून 1888चा पदार्थ कित्येकांना खोटा वाटला. प्रत्यक्षात दोन्ही एकाच रेणूत नांदतात, आणि कुणाचा वाटा किती यावर अवस्था ठरते. आता पुढच्या वेळेपर्यंत एका प्रश्नावर विचार करा: पेशीच्या आवरणातल्या मेदरेणूंनाही लवचिक शेपट्या असतात. मग त्या आवरणाला आपण घन म्हणायचं की द्रव? तिथूनच पुढचं व्याख्यान सुरू करू.