खोक्यावरचं नाव

टीव्हीला जोडून, कॅसेट बसवून खेळायचा व्हिडिओ गेम तुम्ही पाहिला असेल. आज आम्ही त्यातल्याच एका जुन्या खेळाची गोष्ट आणलीय.

अमेरिकेत १९७७ साली अटारी कंपनीने असा एक संच बाजारात आणला. जुने संच जमवणारे हौशी लोक आजही तो खेळतात. त्याच संचासाठी कॅरोल शॉ या बाईंनी बनवलेला 'रिव्हर रेड' १९८२ मध्ये आला. नदीवरून विमान न्यायचं, वाटेत इंधन भरायचं, काठाला धडकायचं नाही. कॅसेटमध्ये जागा फक्त ४ किलोबाइट. मोबाईलमधल्या एका फोटोलाही त्याच्या कितीतरी पट जागा लागते. मग एवढी लांब नदी मावली कशी? शॉ यांनी नदी साठवलीच नाही. गणिताचं सूत्र बसवलं. विमान पुढे जाईल तशी नदी घडत गेली.

शॉ आधी अटारीतच होत्या. तिथे खेळ बनवणाऱ्याचं नाव छापत नसत. त्यावर नाराज झालेले काही जण बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन कंपनी काढली. 'रिव्हर रेड' याच कंपनीचा, म्हणून खोक्यावर शॉ यांचं नाव आलं. त्यांनी जपलेले कागद आणि आराखडे २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या 'द स्ट्राँग' संग्रहालयाला दिले.

आपल्या गटाची जुनी इतिवृत्त वही रद्दीत घालू नका. पापडाची पहिली ऑर्डर कुणी आणली, हिशेब कुणी बसवला, ते नावानिशी लिहून ठेवा.