जगबुडी कुणाची?

१९६२च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली. जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ पेटले, तूप जळालं. करमाळ्यात माझी आजी म्हणाली, "बुडू द्या की. आपलं कवा तरलं व्हतं?" जग बुडालं नाही, श्रेय यज्ञवाल्यांनी घेतलं.

जयंत नारळीकरांनी हाच डाव धूमकेतूच्या कथेत पकडला. धूमकेतू वळवतं विज्ञान. पण तो शोधणाऱ्याच्याच घरात, त्याच्या पाठीमागं, नातवाला यज्ञाला बसवतात. दुर्बीण उंबऱ्याबाहेरच!

१९७२ला आमच्याकडं पाण्यावाचूनची जगबुडी आली. दुष्काळी कामावर आजीनं खडी फोडली. तिच्यासाठी कुणी यज्ञ मांडला नाही, कुणी दुर्बीणही लावली नाही.

भटाकडून क्रियाकर्म न करण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६लाच दिली. आता दुर्बीण वस्तीकडं वळवायची, ती आपणच.